आंबा फोडींनी खावा की वाटीने?

आंब्याचा मोसम आला की मधुमेही मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष आंब्याकडे बघतही नाही. दुसरा 'आज एक गोळी जास्त घेतो' म्हणत रसाच्या दोन वाट्या रिचवतो. (असे गोळ्यांचे गणित परस्पर करू नये, हे आधीच सांगून टाकतो.) समजूत मात्र दोघांचीही एकच असते, की फळ जितके गोड तितकी रक्तातली साखर जास्त.

जिभेची गोडी हे काही विश्वासू माप नव्हे. १९८१ साली टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 'ग्लायसेमिक इंडेक्स' ही मोजपट्टी मांडली. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते, हे त्यात ग्लुकोजशी ताडून पाहतात. ग्लुकोजचा आकडा १००. बऱ्याच तक्त्यांत कलिंगड सत्तरीच्या पुढे असते आणि आंबा पन्नाशीच्या आसपास! मग कलिंगड वाईट का? तसेही नाही. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. शंभर ग्रॅम कलिंगडातून जेमतेम सात-आठ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात, तेवढ्याच आंब्यातून सुमारे पंधरा. म्हणजे वेग आणि प्रमाण, दोन्ही पाहायला हवे.

तिसरी गोष्ट फळाच्या रूपाची. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९७७ साली दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिले: अख्खे, लगदा करून आणि रस काढून. अख्खे सफरचंद चावून खायला जितका वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्श्यात रस पिऊन झाला. रसानंतर इन्शुलिन जास्त स्रवले, साखर नंतर एकदम खाली घसरली आणि पोटही कमी भरले. फळ तेच, पण चोथा गेला आणि चावणेही गेले. म्हणूनच बियांसकट चावून खाल्लेला पेरू मधुमेह्याला मानवतो. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये पाचेक ग्रॅम तंतू असतात.

आमरसाची खरी अडचण त्याच्या सोबत्यांची. रसाबरोबर पोळ्या येतात, शिवाय भात, कुरडया आणि रसात वरून घातलेली साखर. दोष मात्र एकट्या आंब्याला! त्यापेक्षा साखर आटोक्यात असलेल्याने मध्यम आंब्याच्या अर्ध्या फोडी दुपारी चार वाजता खाव्यात, जेवणावर नव्हे. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी, म्हणजे आपल्याला किती झेपते ते कळते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर फळांतील पोटॅशियमचाही विचार डॉक्टरांशी बोलून करावा लागतो.

ज्या रसाला एवढी नावे ठेवली, तोच एका प्रसंगी कामाला येतो. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर सत्तरच्या खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तर पेरू चावत बसू नये. अर्धा पेला फळाचा रस किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.