पडद्यातली मिठी

वाचकहो, १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठ वाजता महाराष्ट्रात कोरोनाचे कडक निर्बंध पुन्हा लागू झाले. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की खांद्यावर हात टाकून बोलायचे, ही आम्हा कोल्हापूरकरांची रीत. तिला दुसऱ्यांदा कुलूप लागले. आणि नेमक्या दुसऱ्याच दिवशी ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या जागतिक स्पर्धेने वर्षाचे सर्वोत्कृष्ट छायाचित्र जाहीर केले. विषय कोणता म्हणाल? मिठी!

डेन्मार्कच्या मॅड्स निस्सेनने ते ५ ऑगस्ट २०२० ला ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या एका वृद्धाश्रमात टिपले. पंच्याऐंशी वर्षांच्या आजीबाई, आणि त्यांना कवटाळणारी परिचारिका. मार्चपासून तिथल्या वृद्धाश्रमांची दारे पाहुण्यांना बंद होती. आजींना पाच महिन्यांत मिळालेली ही पहिली मिठी.

ती जमली कशी, हे समजून घेण्याजोगे आहे. विषाणू मुख्यतः श्वासातून आणि बोलता-खोकताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो. मग दोघांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा टांगायचा आणि त्यातूनच एकमेकांना जवळ घ्यायचे. पडदा तुषार अडवतो. हाताचा दाब मात्र पाठीपर्यंत पोचतो. बस्स, एवढेच यंत्र! मिठीत तो आवळला गेला आणि त्याच्या पिवळ्या कडांना फुलपाखराच्या पंखांचा आकार आला. जाणकार त्या पंखांवर बेहद्द खूश आहेत. मला विचाराल तर पंख नसते तरी चालले असते.

कारण १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगचीही छायाचित्रे आहेत. त्यांत रुग्णालयातल्या खाटा दिसतात, घरांची तपासणी दिसते. माणसे आहेत, पण ती बंदोबस्तातली. त्या काळी आपले लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. तिथे कोणी कोणाला जवळ घेतले असेल, तर ते पाहायला कॅमेरा नव्हता.

त्या एप्रिलात आमच्या मातोश्री आजारी पडून मागच्या खोलीत होत्या. ताट उंबऱ्यावर ठेवायचे अन् मागे सरायचे. मी खिडकीच्या काचेतून मोबाईलवर त्यांना हे छायाचित्र दाखवले आणि, सवयीने, समजावूनही सांगू लागलो. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “आपल्या माळ्यावर हाय की तसला कागद. उतरीव आन् धुऊन वाळत घाल.”