मिळकत नशिबाने ठरते की शिक्षणाने?

जबलपूर शहरातून रांझीकडे जाताना घमापुर हा दाट वस्तीचा भाग लागतो. शहराच्या याच बाजूला १९०४ सालचा तोफगाड्यांचा कारखाना आणि १९४२ सालचा खमरियाचा दारूगोळा कारखाना आहे. जबलपूरचा बिडीधंदाही जुना. अशा वस्तीत कारखान्यातला कायम कामगार, ठेकेदाराकडचा मजूर आणि घरी बिड्या वळणारी गृहिणी एकमेकांच्या शेजारी राहतात, यात नवल नाही. कष्ट तिघांचेही, पण मिळकतीत जमीन-अस्मानाचा फरक! लोक म्हणतात, ‘ज्याचे त्याचे नशीब.’

संख्याशास्त्र मात्र नशिबाचाही हिशेब मागते. शेकडो कामगारांची मिळकत आणि त्यांच्या शिक्षणाची वर्षे आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडली, तर ठिपके विखुरलेले दिसतात. त्यांच्यामधून सर्वांना शक्य तितकी जवळची अशी रेषा काढायची. रेषेचा चढ सांगतो की, शिक्षणाचे एक वर्ष वाढले तर मिळकत सरासरी किती वाढते. या रीतीला ‘रिग्रेशन’ म्हणतात. अनुभव, कामाचा प्रकार, स्त्री की पुरुष, अशा गोष्टीही तीत घेता येतात. मग बाकी सारे समान धरून एकेकीचा वाटा वेगळा काढता येतो.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७४ साली या पद्धतीने मिळकतीचा अभ्यास मांडला. अनुभवाने मिळकत आधी झपाट्याने वाढते, पुढे वाढ मंदावते, असे त्यात दिसले. अनेक देशांतील अशा अभ्यासांचा २०१८ साली आढावा घेतला गेला. त्यात शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे सरासरी सुमारे ९ टक्के जास्त मिळकत आढळली. म्हणजे दहा हजारांवर सुमारे नऊशे रुपये.

शाळा शिकूनही फळ नाही?

पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. बिडीची मजुरी हजार बिड्यांमागे ठरते. वळणारी निरक्षर असो की दहावी पास, दर तोच. तिची कमाई हाताच्या वेगावर आणि स्वयंपाकपाणी, मुलेबाळे सांभाळून उरलेल्या तासांवर अवलंबून असते. जिथे शिक्षणाची किंमत होते, त्या कामाचे दार उघडले तरच शिक्षणाचे मोल हाती पडते. शिवाय सुस्थितीतल्या घरची मुले जास्त शिकतात आणि त्यांना ओळखीपाळखीही जास्त असतात. ते सारे श्रेय शाळेला देणे चूक ठरेल.

स्त्रियांचा वाटा

समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा भारतात १९७६ साली झाला. स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतला किती फरक शिक्षण व अनुभवामुळे आणि किती त्यापलीकडचा, हे वेगळे काढण्याची रीत त्याआधी, १९७३ मध्ये, रोनाल्ड ओहाका आणि अ‍ॅलन ब्लाइंडर यांनी दाखवली. जो भाग उलगडत नाही, त्यात भेदभाव दडलेला असू शकतो. २०२३ च्या नोबेल मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले की, आजच्या श्रीमंत देशांत हा फरक मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर वाढतो.

म्हणून मुलीला आठवीतून काढून बिड्यांच्या सुपाशी बसवण्याआधी आईवडिलांनी थोडा हिशेब करावा. आज हाती येणारे पैसे डोळ्यांना दिसतात, शाळेच्या चार वर्षांचे मोल दिसत नाही. ती शिकली म्हणून चांगली नोकरी मिळेलच असे नाही, पण शिकली नाही तर सुपापासून उठण्याची वाट फारच अरुंद होईल.