शीग

वैशाखरे. कल्याण-नगर रस्ता गावाला घासून माळशेजकडे जातो. डंपर धडधडत गेला की खळ्यावरच्या कोंबड्या दुडकत पळतात आणि लगेच परत येतात. नोव्हेंबर आहे, पण अकराचं ऊन मानेला चटका देतंय. समोर सह्याद्रीची भिंत. तिच्यातून वर आलेला नानाचा अंगठा.

खळं शेणानं सारवलेलं. त्यावर भाताच्या चार राशी, चार घरांच्या. सगळे टेम्पोची वाट बघतायत. सकाळी येतो म्हणाला होता. कुणी पेंढ्यावर आडवं झालंय, कुणी गोण्यांची तोंडं शिवायला सुतळी तोडून ठेवतंय.

आजी अजून वारवतेय. सूप डोक्याच्या वर धरते, हलकं हलवते. कोंडा वाऱ्याबरोबर तिरका जातो, दाणा सरळ खाली पडतो. मी उकिडवा बसून राशीचं टोक न्याहाळतो. दाणे टोकावर पडतात, क्षणभर अडतात, मग एकदम घरंगळतात. रास थोडी उंच होते, थोडी पसरते. उतार मात्र तोच राहतो. दाणा एकेकटा टणक, पण रास पाण्यासारखी वाहते आणि डोंगरासारखी उभीही राहते. भात ओलं असलं तर हाच उतार आणखी उभा होतो. आजी एक दाणा दाताखाली धरते. कट्. वाळलंय. सरकारी खरेदीत ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो. तिथे त्यासाठी यंत्र लावतात.

आजीचा नातू दहावीत आहे. त्यानं जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा शंकू वळलाय, स्टीलच्या पेल्याएवढ्याच तोंडाचा आणि उंचीचा. शंकू भरून भात पेल्यात ओततो. एक. दोन. तिसऱ्याला पेला काठोकाठ भरतो. तो खूश. मग पेला जमिनीवर दोनदा आपटतो. भात बोटभर खाली बसतं. त्याचा चेहराही. भातातली जवळजवळ निम्मी जागा दाण्यांच्या मधल्या हवेचीच असते. पुस्तकातला शंकू भरीव असतो, खळ्यावरचा नसतो.

"आनि माझी शीग कुठं धरलीस?" आजी विचारते.

घरातून ती पायली आणते. चार शेरांची, लोखंडी, काठ झिजलेला. भरते, भरतच राहते. काठाच्या वर भाताचं टोक चढतं. हीच शीग. वृत्तचितीवर बसलेला शंकू. सावकार घ्यायचा तेव्हा शीग लावून घ्यायचा, ती सांगते, आणि द्यायचा तेव्हा काठावरून हात फिरवून सपाट द्यायचा. मी पायलीच्या तोंडावर वीत लावून बघतो. तोंड रुंद तेवढी शीग मोठी. दोन मापांत काठापर्यंत सारखंच भात मावत असलं, तरी रुंद तोंडाचं माप शिगेत जास्त ओढतं. 1958 पासून मेट्रिक मापं येऊ लागली, शीग व्यवहारातून गेली. पायली मात्र घराघरांत राहिली.

टेम्पो नाही. ऊन डोक्यावर आलंय. नातू टेप घेऊन राशीभोवती फिरतो. टेपचं दुसरं टोक मी धरतो. घेर 22 फूट. म्हणजे त्रिज्या साडेतीन. उंची अडीच. पेन्सिल चालते. एकतृतीयांश, बावीस सप्तमांश... 32 घनफूट. घनफुटाला 16 किलो धरले तर 512 किलो.

"बारा गोन्या," आजी राशीकडे न बघताच म्हणते. गोणी 40 किलोची.

अंगठ्याच्या बाजूला नाणेघाटाची खिंड. माथ्यावर जकातीचा दगडी रांजण आहे. गुहेतल्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात दान दिलेल्या गाई, कार्षापणं आकड्यांत कोरली आहेत. त्या आकड्यांत शून्य नाही. त्याच घाटानं किती धान्य चढलं-उतरलं असेल, आणि कुणाच्या शिगेनं मोजलं असेल, असं मनात येतं तोवर हॉर्न वाजतो.

टेम्पो! सगळे उठतात, पेंढ्यावरचेही. काटा टेकवला जातो. हिरवे आकडे थरथरतात, थांबतात. गोणीमागून गोणी. बारा भरतात. खाली उरलेलं भात पाटीत झाडून घेतात: 7 किलो. एकूण 487.

नातू वही उलटीसुलटी करतो. मी राशीच्या जागेकडे बघतो. टोक टोकदार नव्हतंच, कोंबड्यांनी आणि पोरांनी ते कधीच बसकं केलं होतं. खालचा घेरही एका बाजूला पसरलेला. आम्ही दोघांनी टेप मात्र गोल धरला होता.

पाटी आजी टेम्पोत देत नाही. घरात कणगीपाशी नेते. पायली बुडवते, शीग लावते, कणगीत रिती करते.

"लाभ," ती म्हणते. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.

"दोन."

तिसरी भरते. काठापर्यंत येते, वर चढत नाही. आजी पाटीचा तळ झाडते, चार दाणे वर टाकते. ते घरंगळून जमिनीवर पडतात.