व्हिजिटवर गेलेला मुलगा आणि रोजचे ५० दिरहम

आमच्या वस्त्यांमधून आखाती देशांत जाणाऱ्या तरुणांची संख्या थोडीथोडकी नाही. कोणी वायरमन म्हणून जातो, कोणी ए.सी. मेकॅनिक, कोणी हॉटेलात, कोणी सुतारकामाला. तिकडून आलेल्या पैशांतून घरावर स्लॅब पडतो, बहिणीचे लग्न होते, धाकट्याची कॉलेजची फी भरली जाते. हे आम्ही पाहतो आणि त्याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या आईवडिलांच्या हातात अलीकडे एक निराळाच कागद असतो. मुलगा गेलेला असतो नोकरीला आणि कागदावर मात्र लिहिलेले असते ‘टूरिस्ट’. म्हणजे दुबई बघायला गेलेला पाहुणा! बिचाऱ्याने दुबईतला तो उंच बुरूजही धड पाहिलेला नसतो. पाहिलेली असते ती गोदामामागची खोली आणि तिच्यातली एकावर एक रचलेली खाटांची रांग.

संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे आपण सरसकट ज्याला दुबई म्हणतो त्या देशाचा, पर्यटक व्हिसा साधारणपणे ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. दोन-चार दिवसांत हाती पडतो. नोकरीच्या व्हिसासारखी कागदांची यातायात त्याला नाही. एजंटाला तो याचसाठी आवडतो. “आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देते,” असे तो सांगतो. हे सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिथे राहूनच पर्यटक व्हिसाचा नोकरीचा व्हिसा करून घेता येतो आणि कित्येकांचा झालाही आहे. पण कायद्याची अट अशी आहे, की कामाचा परवाना आधी आणि काम नंतर. एजंटाने पाठवलेला मुलगा मात्र विमानातून उतरला की दुसऱ्याच दिवशी कामाला लागतो. ६० दिवस बघता बघता जातात. मालक म्हणतो, पुढच्या महिन्यात करू. आणि एका सकाळी मुदत संपलेली असते.

त्या सकाळपासून काय सुरू होते ते हिशोबानेच सांगितलेले बरे. आम्ही पडलो कारकून, आकडे मांडल्याशिवाय आम्हांला गोष्ट पटत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून अमिरातीत मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा दंड सरसकट दिवसाला ५० दिरहम आहे. दर रोज बदलतो, पण सोपे जावे म्हणून एक दिरहम २४ रुपये धरू. म्हणजे दिवसाला १,२०० रुपये. महिन्याला ३६,०००. वर्षाला १८,२५० दिरहम, अर्थात ४ लाख ३८ हजार रुपये. त्यात रविवार नाही, आजारपण नाही, काम मिळाले की नाही याची चौकशी नाही. मुलगा झोपलेला असतो तेव्हाही मीटर पळत असते. आता बिनपरवान्याच्या हेल्परला तिकडे मिळते काय? कामाच्या दिवसाचे ६०-७० दिरहम, तेही मुकादमाच्या मर्जीवर. म्हणजे त्याच्या पूर्ण दिवसाच्या घामातले बहुतेक पैसे त्या दिवसाच्या दंडातच गेले. घरी जे पैसे येतात ते कमाईचे नसतात. न भरलेल्या दंडाचे असतात. घरच्यांना हे ठाऊक नसते. त्यांना वाटते, मुलगा पाठवतो आहे, चाललेय ठीक.

दंड हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की मुदत संपलेल्या माणसाला कोणीही लुबाडावे. आखातात राबणारी आपली मंडळी अशा बिनकागदाच्या माणसाला ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. थोडक्यात, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. मालकाने पगार बुडवला तर कामगार मंत्रालयात तक्रार करायची कशाच्या जोरावर? परवानाच नाही, मग मालक सरळ म्हणतो, मी याला ओळखत नाही. पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात असतो. दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवणे त्या देशातही बेकायदा आहे, पण पोलिसांत जायची सोय मुलाला राहिलेली नसते. ताप आला तर दवाखान्यात जायची भीती, कारण कागद मागतील. संध्याकाळनंतरच बाहेर पडायचे, बसने जायचे टाळायचे, वर्दी दिसली की गल्ली बदलायची. ज्या ट्रॅव्हल एजन्सीच्या नावावर व्हिसा निघालेला असतो, ती आपली जबाबदारी टाळण्यासाठी त्याच्याविरुद्ध ‘फरार’ अशी नोंदही करून टाकते. मग नुसता दंड भरून सुटका होत नाही, आधी ती नोंद काढून घ्यावी लागते आणि त्याचेही पैसे मोजावे लागतात.

आमच्या शेजारच्याच वस्तीतील एका घराची हकिकत सांगतो. नावगाव देत नाही. मुलगा आय.टी.आय. झालेला, ए.सी. दुरुस्तीत चांगला हात. आईने बचत गटाचे कर्ज काढले, कानातले मोडले आणि एजंटाला ९० हजार रुपये दिले. जानेवारी २०२४ मध्ये तो ६० दिवसांच्या व्हिजिटवर शारजाला गेला. पहिले दोन महिने पगार मिळाला. मुदत संपल्यावर अर्धा मिळू लागला, नंतर जेवणापुरता. जुलैमध्ये त्याचे वडील वारले. त्या दिवशी मुदत संपून १३० दिवस झाले होते. ६,५०० दिरहम दंड, म्हणजे आपल्या हिशोबाने १ लाख ५६ हजार रुपये, वर तिकीट निराळे. इथे घरात अंत्यविधीला शेजाऱ्यांनी वर्गणी काढलेली. पैसे आणायचे कुठून? अंत्ययात्रा त्याने मोबाईलवर पाहिली. पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हाही मोबाईल फोटोशेजारी उभा करून ठेवला होता. त्याची आई आम्हांला एवढेच म्हणाली, “भाऊ, पोरगं जिवंत असून खांदा द्यायला आलं नाही, लोक हेच धरून बसणार.” तिला दिरहमचा हिशोब समजावून सांगणे आमच्याच्याने झाले नाही.

तो मुलगा सुटला, पण ते त्या देशाने जाहीर केलेल्या माफीमुळे. अमिरातीने १ सप्टेंबर २०२४ पासून ही माफी सुरू केली. प्रथम ती ३१ ऑक्टोबरपर्यंत होती, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. या काळात जो पुढे आला त्याचा दंड माफ, परत येण्यावर बंदी नाही आणि कोणी नोकरी देणारा असेल तर तिथेच कागद नीट करून घेण्याचीही मुभा. पर्यटक व्हिसावाल्यांनाही ती लागू होती. दुबईत अल अवीर येथे त्यासाठी मोठी सोय केली होती आणि आपल्या वकिलातीनेही मदतीची टेबले लावली होती. मुलगा ऑक्टोबरमध्ये घरी आला.

यावरून आता एक नवीच समजूत पसरली आहे. “थांब, अजून एक माफी निघेल.” वर्षे मोजून पाहा. अमिरातीत अशी माफी १९९६, २००३, २००७, २०१२-१३, २०१८ आणि २०२४ मध्ये निघाली. मध्ये २०२० साली कोरोनामुळे एक खास सवलत दिली गेली, ती निराळी. म्हणजे दोन माफींमध्ये चार ते सात वर्षांचे अंतर. मधला काळ सहा वर्षांचा धरला तर दंड होतो १ लाख ९ हजार ५०० दिरहम, रुपयांत २६ लाखांवर. ज्याच्या भरवशावर हे सहन करायचे ती माफी निघेलच असा कोणताही कायदा नाही. आणि दरम्यान धाड पडली तर? कोठडी, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी. काही एजंट सांगतात, नवीन पासपोर्ट काढू, नावातले एक अक्षर बदलू. हद्दपार केलेल्या माणसाच्या डोळ्याच्या बुबुळाची नोंद अमिरातीकडे राहते आणि पुढच्या वेळी विमानतळावर ती तपासली जाते. नाव बदलेल, बुबुळ कसे बदलणार?

कडक नियम फक्त आखातातच आहेत असेही नाही. थायलंडला आपले पुष्कळ उपासक-उपासिका बुद्धविहारांच्या दर्शनाला सहलीने जाऊन येतात. तिथे दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २० हजार बाट दंड आहे. मार्च २०१६ पासून बंदीही लागू झाली. ९० दिवसांपेक्षा जास्त राहून स्वतःहून निघाला तर एक वर्ष, पकडला गेला तर थोडे दिवस झाले असले तरी पाच वर्षे. अमेरिकेचा १९९६ चा कायदा तर असा, की १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून निघाल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा जास्त राहिल्यास दहा वर्षे प्रवेश नाही. तिथे मुलाबाळांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावे, की पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची तारीख ही राहण्याची मुदत नव्हे. विमानतळावर उतरल्यावर जी तारीख देतात, ती आय-९४ या नोंदीत असते, तीच खरी.

मूळ मुद्द्याकडे येऊ. एजंट व्हिजिटचा मार्ग का धरतो? आपल्या देशात १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर ‘ई.सी.आर.’ असे छापलेले असते आणि अमिराती, सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया वगैरे १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. तिथे करार पाहतात, मालक कोण ते पाहतात, विमा उतरवलेला आहे का ते पाहतात. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीन वर्षांना ३७५ रुपये भरले की अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण मिळते. पर्यटकाला यातले काहीच लागत नाही, म्हणून काहीच मिळतही नाही. मंजुरीची ही चाळणी चुकवण्यासाठीच व्हिजिटची पळवाट आहे. दहावी पास मुलाला तर मंजुरीच लागत नाही, त्यामुळे त्याच्या घरच्यांनी कागद दुप्पट काळजीने वाचला पाहिजे.

पैशांचेही तसेच. नोंदणीकृत एजंटाला आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. घेता येतो. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने तर भरतीचा खर्च मालकावरच टाकलेला आहे. मग ९० हजार कशाचे? एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या यादीत पाहता येते. खऱ्या नोकरीत आधी मंत्रालयाच्या नमुन्यातले ऑफर लेटर येते, ते हिंदीतही मिळते. त्यात पगार, काम, सुट्टी सगळे लिहिलेले असते. ते नाही आणि हातात नुसता ‘टूरिस्ट’ असे लिहिलेला कागद आहे, तर मुलाला विमानतळावर सोडायला जाऊ नये. मालकालाही सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीपासून बिनपरवान्याचा माणूस कामावर ठेवणाऱ्याला तिकडे १ लाखापासून १० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. “पुढच्या महिन्यात करू” म्हणणाऱ्या मालकाला हे माहीत असते.

ज्यांचा मुलगा आज तिकडे अडकून पडला आहे त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, दिवस मोजावेत. दहा दिवस झाले असतील तर ५०० दिरहम आहेत, म्हणजे १२ हजार रुपये. उसने काढा, पण त्याला आताच बाहेर काढा. सहा महिन्यांनी तेवढ्यात पाऊलही उचलणार नाही. महिने उलटले असतील तर त्याने दुबईच्या वकिलातीतील प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राशी बोलावे. अमिरातीतून ८०० ४६३४२ हा नंबर लावायला पैसे पडत नाहीत. पासपोर्ट हरवला किंवा मालकाने दाबला असेल तर वकिलात एकवेळ प्रवासाचा दाखला देते, त्याला तिकडे ‘आऊटपास’ म्हणतात. अगदीच निराधार असलेल्यांसाठी वकिलातीकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून तिकिटाची, तात्पुरत्या निवाऱ्याची, वेळप्रसंगी मृतदेह पाठवण्याची मदत होते. इथून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या सोयीवर तक्रार नोंदवता येते, ती २०१५ पासून सुरू आहे. तक्रारीचा नंबर मिळतो, तो जपून ठेवावा आणि त्याचा पाठपुरावा करावा.

अशा घरांतील माता-भगिनींनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. येताना मुलाच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसाचा कागद, विमानाचे तिकीट, एजंटाला पैसे दिल्याची पावती किंवा बँकेची नोंद आणि मुलाचा तिकडचा चालू फोन नंबर आणावा. पावती नसेल तर पैसे कोणासमोर दिले ते आठवून यावे. अर्ज आम्ही लिहून देऊ.