जिद्द तीच होती, शिष्यवृत्ती संपली होती

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी गुणगौरव समारंभ सुरू होतात. हार, नारळ, ट्रॉफ्या झाल्या की प्रमुख पाहुणे उठतात आणि त्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं : ‘बाबासाहेब दिव्याखाली बसून शिकले, तुमच्याकडे तर सगळं आहे, जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही.’ टाळ्या पडतात. मंडपाच्या मागच्या रांगेत, सकाळी भांगलण करून आलेली आणि पंचावन्न टक्क्यांवर अडकलेली एक मुलगी बसलेली असते. ती या वाक्याचा अर्थ अगदी बरोबर लावते : मी मागे राहिले, म्हणजे माझ्यातच जिद्द कमी होती.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकून गप्प बसवत नाही. ते चुकीचं तर आहेच, पण ज्यांच्या नावानं सांगितलं जातं त्यांच्या आयुष्यानंच खोडून काढलेलं आहे.

बाबासाहेबांच्या जिद्दीबद्दल कुणाला शंका असेल तर त्यानं कोलंबिया विद्यापीठातली त्यांची नोंद पाहावी. तीन वर्षांत एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. पण परळच्या डबक चाळीतली एक खोली ते न्यू यॉर्क ही वाट नुसत्या जिद्दीनं कापलेली नाही. वडील रामजी सुभेदार लष्करात होते आणि लष्करी शाळेत शिकवत. शिक्षण घरात आलं ते त्या वाटेनं. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून एल्फिन्स्टन कॉलेज झालं. १९१३ साली बडोदे संस्थानानं महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी शिष्यवृत्ती दिली, म्हणून कोलंबिया झालं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता.

आता भाषणांतून नेहमी गाळलं जाणारं वर्ष पाहा : १९१७. कोलंबियानंतर बाबासाहेब लंडनमध्ये शिकत आहेत, अभ्यास अर्धा झाला आहे आणि शिष्यवृत्तीची मुदत संपते. अभ्यास सोडून परत यावं लागतं. बडोद्यात नोकरी आहे, पण राहायला कुणी जागा देत नाही; पारशी वसतिगृहात जात लपवून राहिले, तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कोलंबियात २९ अभ्यासक्रम घेणारा तोच माणूस, तीच बुद्धी, तीच जिद्द. मग अडलं कुठे? पैसा थांबला होता आणि जातीची भिंत जागच्या जागी होती.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. तीन वर्षांचा खंड जिद्द आटल्यामुळे पडला नव्हता आणि तो भरून निघाला तोही नुसती जिद्द वाढल्यामुळे नाही.

स्वतः बाबासाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिच्या पहिल्या कामांपैकी एक होतं सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलं. ‘माझ्यासारखी जिद्द धरा’ एवढंच सांगून त्यांना थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही साताऱ्याचं बोर्डिंग चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने मोडले, ते मुलांना जिद्दीवर व्याख्यानं देण्यासाठी नव्हे. मुलांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून मोडले.

कुणी म्हणेल, ही थोरांची गोष्ट झाली, सामान्यांचं काय? तर बिहारकडे पाहा. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशेब मांडला : माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं. फरक मुख्यतः अशा गावांत दिसला, जिथून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती. त्या गावांतल्या मुलींची जिद्द काय एका रात्रीत वाढली? वाढली नाही. शाळेचं अंतर कमी वाटू लागलं, एवढंच. आपल्याकडे एस.टी.चा मोफत पास मुलींसाठी तेच काम करतो, आणि ज्या गावाला वेळेवर एस.टी. येत नाही तिथे तो पास नुसता कागद असतो.

अजून एक दाखला, कारण ‘गरिबांचं डोकंच चालत नाही’ असंही बोललं जातं. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची बुद्धीच्या चाचण्यांवर तपासणी झाली. एकदा तोडणीच्या आधी, हात तंग असताना आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. तोच शेतकरी तोडणीआधी कमी पडला, नंतर सरस ठरला. उधारी फेडायची कशी याचं गणित डोक्यात चालू असलं, तर दुसऱ्या गणिताला जागा उरते कुठे?

मग मेहनतीला काहीच किंमत नाही का? आहे, फार आहे. शिष्यवृत्ती मिळूनही वाया घालवणारे असतात. पण मेहनत बी आहे, आणि कातळावर बी उगवत नाही म्हणून कुणी बियाण्याला दोष देत नाही.

याच पठडीतले आणखी काही समज. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ : हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं १९६० साली रुग्ण नव्या चेहऱ्याला रुळायला किमान किती दिवस लागतात, यावरून लिहिला, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाली आणि माणसागणिक १८ ते २५४ असा फरक पडला. ‘दहा हजार तास घासलं की कुणीही निष्णात होतो’ : तो बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादकांच्या तासांचा सरासरी आकडा होता, हमी नव्हे. ‘मिठाई समोर असून थांबणारं मूलच पुढे यशस्वी होतं’ : २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांवर हे पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या संयमाचं वजन बरंच घटलं.

पुढच्या जूनमध्ये तुम्हाला माइकसमोर उभं केलं, तर बाबासाहेबांच्या अभ्यासाची गोष्ट जरूर सांगा. तिच्यासोबत महिना २५ रुपयांची आणि १९१७ सालचीही गोष्ट सांगा. आणि खाली बसण्याआधी मागच्या रांगेकडे पाहून तालुक्याच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख मोठ्यानं वाचून दाखवा.