मोबाइल ॲपमधील कॅमेरा व माध्यमवादन

मोबाइल ॲपमधील कॅमेरा व माध्यमवादन : मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य ॲपमध्ये (विशिष्ट कामासाठी रचलेल्या आज्ञावलीत) वापरण्याची, तसेच साठविलेले किंवा आंतरजालावरून येणारे ध्वनी व चलच्चित्र ॲपमधून ऐकविण्याची व दाखविण्याची योजना. कॅमेरा, पडदा व ध्वनिक्षेपक ही साधने ॲपच्या मालकीची नसतात. फोनची परिचालन प्रणाली ती तात्पुरती वापरावयास देते. म्हणून साधन मागणे, वापरणे व काम संपताच परत करणे, या तीन पायऱ्या ॲपच्या रचनेत पाळाव्या लागतात. त्यांत चूक झाल्यास वापरणाऱ्याचा वेळ, पैसा व खाजगीपणा यांना झळ पोहोचते. मुंबईच्या उपनगरांत तिकीट, किरकोळ खरेदी व प्रवासातील करमणूक या तिन्हींसाठी अशा ॲपचा वापर होत असल्याने तेथील उदाहरणे या विषयाच्या स्पष्टीकरणास उपयुक्त आहेत.

इतिहास : कॅमेरा असलेले मोबाइल फोन जपानमध्ये १९९९ च्या सुमारास विक्रीस आले. प्रारंभी कॅमेरा वापरण्याची सोय मुख्यतः फोनच्या स्वतःच्या आज्ञावलीपुरती होती. ॲपलच्या आयओएस ४ (२०१०) या प्रणालीत इतरांनी रचलेल्या ॲपना कॅमेऱ्यातून येणारा चित्रप्रवाह थेट मिळू लागला. अँड्रॉइड ५ (२०१४) मध्ये उद्‌भासनकाल, केंद्रीकरण इ. बाबींवर ॲपला अधिक नियंत्रण देणारी नवी कॅमेरा-योजना आली. मात्र निरनिराळ्या उत्पादकांच्या फोनमधील कॅमेरे एकसारखे नसल्याने ती वापरणे किचकट होते. ही अडचण कमी करण्यासाठी गूगलने २०१९ मध्ये ‘कॅमेराएक्स’ हा आज्ञावलींचा संच जाहीर केला.

कार्यपद्धती : भिंगातून आलेला प्रकाश लक्षावधी सूक्ष्म संवेदकांच्या पटावर पडतो. प्रत्येक संवेदकावर लाल, हिरवा वा निळा गाळक असतो. गाळकांची ही मांडणी ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखली जाते व तिचे एकस्व त्यांना १९७६ मध्ये मिळाले. मिळालेल्या विद्युत् संकेतांवर संस्करण होऊन पूर्ण चित्र तयार होते. ॲप बहुधा तीन प्रवाह मागते : पडद्यावरील पूर्वदर्शनासाठी, छायाचित्र साठविण्यासाठी व चित्राच्या विश्लेषणासाठी. या प्रवाहांतील माहितीचे आकारमान प्रचंड असते. १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या एका चित्रास सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या असंपीडित स्वरूपात सु. ३१ लाख बाइट लागतात. सेकंदास ३० चित्रे धरल्यास एका मिनिटाचे सु. ५६० कोटी बाइट होतात. दोन चित्रांमध्ये एका सेकंदाचा तिसावा भागच मिळत असल्याने, विश्लेषण मागे पडल्यास साचलेली चित्रे टाकून देऊन सर्वांत ताजे चित्र घेणे इष्ट ठरते. ही दक्षता न घेतल्यास स्मृती भरून जाऊन ॲप बंद पडते. स्वस्त फोनमध्ये स्मृती कमी असल्याने हा दोष तेथे प्रथम जाणवतो.

क्यूआर कोडचे वाचन : हा कॅमेऱ्याचा सर्वांत प्रचलित असा व्यावहारिक उपयोग होय. मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जपानमध्ये हा संकेत तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील चौकोनांवरून ॲपला त्याचे स्थान व कल ओळखता येतो. संकेतात जादा माहिती गुंफलेली असल्याने त्याचा सु. ३० टक्क्यांपर्यंतचा भाग मळला वा फाटला, तरी योग्य रचनेत तो वाचता येतो. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या एनपीसीआय या संस्थेने २०१६ मध्ये यूपीआय ही देयकपद्धती सुरू केली. त्यानंतर भाजीच्या गाडीपासून औषधांच्या दुकानापर्यंत हे चौकोन दिसू लागले. मेट्रो प्रवासात मात्र भूमिका उलट होते. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोच्या (प्रारंभ २०१४, लांबी ११·४ किमी.; १२ स्थानके) प्रवेशद्वाराशी प्रवाशाचा फोन कोड वाचत नाही, तर दाखवितो. येथे पडद्याचा उजेड पुरेसा ठेवणे व आंतरजाल नसतानाही तिकीट उघडणे या गोष्टी ॲपने साधावयास हव्यात. अन्यथा एका प्रवाशामुळे मागची सारी रांग खोळंबते.

कॅमेरा समोर दिसणारा कोड वाचतो. तो कोणी व कोठे चिकटविला, हे त्याला कळत नाही. दुकानदाराच्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटविल्यास वाचन बिनचूक होऊनही पैसे भलत्याच खात्यात जातात. म्हणून पैसे पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव ठळकपणे दाखविणे हा अशा ॲपच्या रचनेचा आवश्यक भाग होय. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक (पिन) कधीही टाकावा लागत नाही, हेही वापरणाऱ्याने ध्यानात ठेवणे जरूर आहे.

माध्यमवादन : चलच्चित्र मूळ आकारमानात पाठविणे शक्य नसते. लगतच्या चित्रांतील समान भाग वगळून त्याचे संपीडन करतात. एच.२६४ (२००३) या मानकानुसार, सेकंदास ४० लाख बिट या वेगाने संपीडन केल्यास वरील एका मिनिटाचे चित्रण सु. ३ कोटी बाइटमध्ये मावते. फोनमधील विसंकेतक ते पुन्हा उलगडतो. आंतरजालावरील वादनासाठी एचएलएस (२००९) व डॅश (२०१२) या पद्धतींत चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत ठेवतात. अंधेरीहून बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलमधील फोन एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जात असतो. वेग घटताच ॲप पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागते व आधी साठविलेल्या तुकड्यांवर वादन चालू ठेवते. चित्र काहीसे अस्पष्ट होते, पण थांबत नाही. फोन आल्यास किंवा दुसऱ्या ॲपचा आवाज सुरू झाल्यास वादकाने आपला आवाज आवरता घ्यावा, असा संकेत आहे. गर्दीत कर्णध्वनिक्षेपकाची तार निसटल्यास वादन आपोआप थांबले पाहिजे. नाहीतर खाजगी ध्वनी साऱ्या डब्याला ऐकू जातो.

परवानगी व खाजगीपणा : अँड्रॉइड ६ (२०१५) पासून कॅमेऱ्याची परवानगी ॲप बसविताना न घेता प्रत्यक्ष वापराच्या वेळी मागावी लागते. आयओएस १० (२०१६) पासून तिचे कारण लिहिणे बंधनकारक झाले. आयओएस १४ (२०२०) व अँड्रॉइड १२ (२०२१) यांपासून कॅमेरा चालू असताना पडद्याच्या वरच्या भागात हिरवी खूण दिसते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात (२०२३) संमती विशिष्ट हेतूपुरती व आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, हे तत्त्व आहे. त्याचा रचनेतील अर्थ सरळ आहे. कोड वाचणाऱ्या ॲपला चित्र क्षणभर स्मृतीत पुरते. ते साठविण्याचे वा संग्रहातील सर्व छायाचित्रे पाहण्याचे त्याला कारण नसते. परवानगी नाकारणाऱ्यासाठी, तसेच अंधांसाठी किंवा कॅमेरा बिघडलेल्यांसाठी, क्रमांक टाकून वा ध्वनिसूचनांच्या आधारे काम पुरे करण्याचा मार्ग ठेवावा लागतो. तिकीट व देयक या नित्याच्या गरजा झाल्या असल्याने असा पर्याय नसलेले ॲप तांत्रिक दृष्ट्या निर्दोष असले, तरी अपुरेच ठरते.