पेटीतलं बाळ आणि बावचळलेला पहारा

‘बाळ पेटीत ठेवलंय.’ एवढं वाक्य फोनवरून घरी पोचतं आणि पेढ्यांचा विषय मागे पडतो. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, किलो-सव्वा किलोचं बाळ एनआयसीयूमधल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, काचेच्या पेटीत असतं. बाहेर बाकावर बसलेल्या आजीला कुणीतरी धीर देतं, ‘सातमाशी पोरं जगतात हो, आठमाश्यांचंच अवघड!’ हा समज आपल्याकडचाच नाही. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांतही तो सापडतो, आणि तिथेही तो तितकाच चुकीचा आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. फुप्फुसांच्या बाबतीत तर फारच.

पेटीजवळ उभं राहिलं की बाळाचा कण्हल्यासारखा बारीक आवाज ऐकू येतो. दर श्वासाला छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात. बाळाला वेदना होताहेत असं आईबापांना वाटतं. खरं तर ते स्वतःच स्वतःवर उपचार करत असतं. श्वास सोडताना घशातली फट अर्धवट मिटून ते थोडी हवा आत अडवून धरतं, म्हणजे फुप्फुसं पूर्ण मिटून जाणार नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये हीच युक्ती यंत्राने करून दाखवली: बाळाला श्वास त्याचा त्यालाच घेऊ द्यायचा, फक्त आत हवेचा सौम्य दाब कायम ठेवायचा. वीसपैकी सोळा बाळं वाचली. आज ‘सीपॅप’ म्हणून ओळखलं जाणारं उपकरण ते हेच.

फुप्फुसं मिटतात कशाने? ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की सुटता सुटत नाहीत, तसंच काहीसं. फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना मिटवू पाहतो. कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्येच दाखवलं होतं, की फुप्फुस हवेने फुगवायला जो जोर लागतो, त्याहून कितीतरी कमी जोर ते द्रवाने फुगवायला लागतो. म्हणजे खरा अडथळा पृष्ठताणाचा. पुढची पंचवीस वर्षं त्यांच्या निबंधाकडे जवळपास कुणी पाहिलं नाही.

पुढचा धागा सापडला तो युद्धखात्याच्या प्रयोगशाळांत, हा वैद्यकाच्या इतिहासातला चमत्कारिकच योग. विषारी वायूंनी फुप्फुसांचं काय होतं, हे इंग्लंडमध्ये पोर्टन डाउनला रिचर्ड पॅटल तपासत होते. फुप्फुसातून निघालेल्या फेसाचे बुडबुडे काही केल्या फुटत नाहीत, फेस मोडणारी रसायनंही त्यांच्यापुढे हात टेकतात, असं त्यांना दिसलं. रिठ्याच्या पाण्याचा फेस टिकतो, कारण त्यात पृष्ठताण कमी करणारं काहीतरी असतं. फुप्फुसातही तसंच काहीतरी असणार. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत जॉन क्लेमेंट्स यांनी ते मोजून दाखवलं. आणि मेरी एलन एव्हरी या बालरोगतज्ज्ञ बाईंनी जेरे मीड यांच्यासोबत १९५९ मध्ये शेवटचा दुवा जोडला: श्वास कोंडून दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत हा साबणासारखा पदार्थ, सरफॅक्टंट, पुरेसा नव्हताच. एव्हरी डॉक्टर झाल्या झाल्या स्वतः क्षयाने आजारी पडल्या होत्या, त्यांचं लक्ष फुप्फुसांकडे वळलं ते तेव्हापासून.

कारण कळलं, पण औषध नव्हतं. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो, आजच्या एनआयसीयूत असं बाळ पाहून कुणी फारसं घाबरणार नाही. त्याला बोस्टनला नेलं, उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कोठडीत ठेवलं. ३९ तासांनी ते गेलं. सतरा वर्षांनी, १९८० मध्ये, जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि ती बाळं सुधारली.

इथवरची कथा साबणाची. पण सरफॅक्टंट म्हणजे नुसता साबण नव्हे. बहुतांशी स्निग्ध असलेल्या या पदार्थात चार खास प्रथिनं असतात: एसपी-ए, बी, सी आणि डी. बी आणि सी वायुकोश उघडे ठेवायला मदत करतात. ए आणि डी यांचं काम वेगळंच. जंतूंच्या अंगावरच्या शर्करेच्या साखळ्या ओळखायच्या, त्यांना पकडायचं, त्यांची मोळी बांधायची आणि भक्षकपेशींच्या हवाली करायचं. थोडक्यात, हे दोघे दारावरचे पहारेकरी. गायीच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून औषध तयार करताना जे विद्रावक वापरतात, त्यात ए आणि डी निघून जातात. बाळाला मिळतो तो साबण, पहारेकऱ्यांविना. जनुकीय तंत्राने बनवलेल्या एसपी-डीच्या मानवी चाचण्या आता कुठे सुरू झाल्या आहेत.

पहाऱ्याची ही गोष्ट उपजत प्रतिकारशक्तीची आहे. लशीने येते ती शिकलेली प्रतिकारशक्ती. तिला शत्रूशी एकदा गाठ पडावी लागते. उपजत प्रतिकारशक्ती काही न शिकता जन्मापासून कामाला लागते. ती जंतूचं नावगाव विचारत नाही, जंतूंच्या सगळ्या कुळाला सामाईक असलेल्या खुणा ओळखते. अशा खुणा ओळखणारे ग्राही असले पाहिजेत, असं चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये तर्काने मांडलं. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाला फळमाशीत ‘टोल’ या ग्राहीचं काम सापडलं, दोन वर्षांनी ब्रूस बॉयटलर यांना उंदरात त्याचा भाऊबंद. दोघांनाही २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

गर्भाचा पहारा मुद्दामच ढिला ठेवलेला असतो. बाळाचा निम्मा वारसा बापाकडचा. आईच्या पोटात राहून त्याने कडक पहारा चालवला, तर दोघांचीही पंचाईत व्हायची. शिवाय आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाहेर पडलेलं बाळ ही शिदोरी न घेताच निघतं. वायुकोशांत ठाण मांडून बसणाऱ्या भक्षकपेशी तर, उंदरांत तरी, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच वयात येतात.

‘अशा बाळाची प्रतिकारशक्ती कमी असते’ हे सर्रास बोललं जाणारं वाक्य मात्र अर्धवट आहे. ती नुसती कमी नसते, बावचळलेली असते. शत्रू वेळेवर ओळखू येत नाही, पण एकदा शिट्टी वाजली की थांबतही नाही. यंत्राचा दाब, जास्तीचा प्राणवायू, जंतुसंसर्ग, यांपैकी काहीही शिट्टी वाजवायला पुरतं. मग पांढऱ्या पेशींचे लोंढे फुप्फुसात घुसतात आणि इलास्टेज नावाचं विकर सोडतात. जंतू मारता मारता हे विकर फुप्फुसाचे लवचीक तंतूही कुरतडतं, आणि नव्या वायुकोशांच्या भिंती उभ्या राहायच्या त्या नेमक्या याच तंतूंच्या आधाराने. मोठ्यांच्या फुप्फुसात हा नासधूस करणारा हात धरायला प्रतिविकरं असतात. या बाळांत ती तोकडी पडतात. प्राणवायूचा मारा सोसणारी विकरंही गर्भारपणाच्या अखेरीसच भरभरून तयार होतात.

हे फुप्फुस किती नाजूक असावं? अपुऱ्या दिवसांच्या कोकरांना स्वीडिश संशोधकांनी जन्मताच हाताने फक्त सहा मोठे श्वास दिले. नंतर दिलेल्या सरफॅक्टंटचा गुण तेवढ्यानेही कमी झाला.

स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे यांनी १९६७ मध्ये यंत्रावर आणि भरपूर प्राणवायूवर वाचलेल्या बाळांच्या एक्स-रेमध्ये एक नवाच आजार पाहिला आणि त्याला ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेशिया, म्हणजे बीपीडी, असं नाव दिलं. तेव्हाची फुप्फुसं व्रणांनी भरलेली असत. आज व्रण कमी दिसतात, कारण यंत्रं सौम्य झाली. पण वायुकोश मोजके आणि मोठमोठे राहतात, वाढ जणू मध्येच थांबते. अशी मुलं शाळेत जायच्या वयातही धावताना धापा टाकतात, साध्या सर्दीने पुन्हा दवाखाना गाठतात.

आता सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग. आईच्या गर्भावरणाला सूज आली, गर्भजलात जंतू शिरले, तर बाळाचं काय होईल? १९९६ मध्ये क्रिस्टी वॉटरबर्ग आणि सहकाऱ्यांना आढळलं, की अशा बाळांना जन्मताच होणारा श्वासाचा त्रास कमी, पण पुढे बीपीडी जास्त. अॅलन जोब यांनी मेंढ्यांच्या गर्भजलात जंतूंच्या भिंतीचं विष टोचून पाहिलं, तेव्हा कोडं थोडं उलगडलं. दाहामुळे सरफॅक्टंट लवकर तयार होतं, पण वायुकोश कमी बनतात. फळ अढीत घालून पिकवावं, तसं. रंग आला, पण गर भरायचा राहिला.

लवकर पिकवण्याचा निर्धोक मार्गही मेंढ्यांनीच दाखवला. ऑकलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांच्या गोठ्यात, जगायला नको होतं असं एक कोकरू सकाळी श्वास घेताना आढळलं. त्याला गर्भातच स्टेरॉइड मिळालं होतं. लिगिन्स आणि रॉस होवी यांनी १९७२ मध्ये २८२ मातांवरचा अभ्यास छापला: श्वासाचा आजार २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. तरीही सगळीकडे हे इंजेक्शन रूढ व्हायला दोन दशकं लागली, आणि या दिरंगाईचा हिशोब कुणी मांडला तर तो भयंकरच निघेल. भारतासह पाच देशांतल्या २०२० च्या चाचणीतही या इंजेक्शनाने नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आणले. जन्मानंतर बाळाला तेच स्टेरॉइड मोठ्या मात्रेत देणं मात्र महागात पडलं. यंत्र लवकर सुटलं, पण कित्येक मुलांना सेरेब्रल पाल्सी झाली. उलट, श्वास विसरणाऱ्या बाळांना आठवण करून द्यायला दिलेल्या कॅफीनने, हो, चहा-कॉफीतल्याच, २००६ च्या मोठ्या चाचणीत बीपीडी ४७ वरून ३६ टक्क्यांवर आणला. तो काही त्या चाचणीचा मुख्य हेतू नव्हता.

२०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, जगातल्या अशा बाळांपैकी पाचवा हिस्सा. यातल्या सगळ्यांपर्यंत महागडं सरफॅक्टंट पोचणार नाही. म्हणून बावचळलेल्या पहाऱ्याला उसनी कुमक देणारे साधे उपाय इथे मोलाचे. त्यांत पहिला चीक. पूर्वी ‘जड’ म्हणून पिळून टाकलेल्या या पहिल्या दुधात प्रतिपिंडं, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम आणि जिवंत पांढऱ्या पेशी असतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती याच जाणिवेतून. पेढीचं दूध तापवून निर्जंतुक करताना त्यातली थोडी कुमक मरते, म्हणून आधी आईचं स्वतःचं दूध, नसेल तेव्हा पेढीचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत महिलांना बाळाचे श्वास मोजायला, ऊब द्यायला आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसताच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जिथे पेटीच नव्हती, तिथला हा आकडा आहे.

आणि पेटीलाही पर्याय आहे, आईची छाती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या चाचणीत, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, एक ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना प्रकृती स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीवर ठेवलं. मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले, जंतुसंसर्गही घटला. बाळाच्या अंगावर आधी आईचे जंतू वस्तीला आले, दवाखान्याचे नंतर, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. निष्कर्ष इतके स्पष्ट दिसू लागले, की २०२१ मध्ये छापून आलेली ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. चाचणीसाठी सफदरजंगच्या एनआयसीयूत बाळांच्या शेजारी आयांच्या खाटा टाकल्या होत्या. बऱ्याच दवाखान्यांत आईला अजून बाळ दिसतं ते दाराच्या काचेतून, भेटीच्या ठरलेल्या वेळेत.